पाठीवरचा खिसा

तव्यावर भाजलेल्या तिळाचा वास आला की मला थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, वळसंगच्या घरातली ती सकाळ आठवते. जानेवारीत डोंगरवाटांवरून दिवसभर चालणारी सायकल शर्यत होती, आणि तयारी म्हणून मी सोलापूरहून पहाटेच्या थंडीत, ज्वारीच्या रानांमधल्या ढेकळांच्या वाटेने माउंटन बाईक दामटत तिच्याकडे गेलो होतो. हँडलवरची बोटं उघडेनात, इतका गारठलो होतो. अक्का चुलीपुढे बसून तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या शेकत होती. दर भाकरीनंतर दम लागून थांबायची, मग पुन्हा फडक्याने दाबून कडा शेकायची. "डाक्टरनं झोपून राहा म्हटलंय न्हवं?" मी म्हणालो. "तुझी शर्यत माझ्यासाठी थांबणार हाय व्हय? ह्या महिनाभर टिकत्यात की," ती म्हणाली. मग मला पाठमोरं उभं करून तिने जर्सीच्या मागच्या खिशावर तळहात ठेवला आणि माप घेतलं. "सबंध मावायची न्हाय," म्हणत एकेका भाकरीचे चार तुकडे केले आणि डब्यात भरून दिले. शर्यतीला आठवडा असताना अक्का गेली. मी शर्यतीला गेलो नाही. दिवसकार्य उरकल्यावर डबा उघडला, तर तुकडे तसेच कुरकुरीत होते. आता दर हिवाळ्यात सरावाला निघताना मी बाजारातून कडक भाकरी आणतो, चार तुकडे करून खिशात भरतो आणि हात मागे नेऊन एकदा खिसा चाचपतो. हात माझाच लागतो.