पलीकडं कोणी आहे का?

शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, पण तालुक्यात मला ओळखतात ते 'एलियनवाल्या मॅडम' म्हणून. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, या विषयावर मी कित्येक वर्षं व्याख्यानं देत फिरते आहे. शाळा, गणेश मंडळ, बचत गट, बोलावलं की जाते. एकदा एका लग्नात नवरदेवाची गाडी शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. मंडळी कंटाळून जेवायला पळू नयेत म्हणून यजमानांनी सरळ माझ्या हातात माईक दिला. मीही सोडला नाही. नवरदेव मांडवात शिरला तेव्हा मी गुरूच्या चंद्रावरच्या बर्फाखालच्या समुद्रापर्यंत पोचले होते.

माझ्या व्याख्यानाचा शेवट ठरलेला आहे, 'अजून माहीत नाही.' लोकांना तो अजिबात रुचत नाही. न्हावऱ्यात एक आबा उठून म्हणाले, "म्याडम, तासभर आमास्नी बसवलं आन् शेवटाला म्हंता म्हाईत न्हाई. ते तर आमाला घरी बसून बी म्हाईत नव्हतं की." सगळे हसले. मी म्हटलं, "आबा, आता का माहीत नाही, ते तरी कळलं ना?" आबांना ते काही पटलं नाही, पण जाताना त्यांनी माझ्या स्कूटीला मेथीच्या दोन जुड्या अडकवल्या.

शोधायचं कसं, हे मात्र मी मनापासून सांगते. शेजारणीनं बोंबील भाजले हे कळायला तिच्या चुलीपर्यंत जावं लागत नाही. लांबच्या ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासला की त्या हवेत काय काय मिसळलंय ते असंच बसल्या जागी ओळखता येतं. काही वायू असे असतात की त्यांना सतत कोणीतरी श्वासातून सोडत नसेल तर ते फार दिवस एकत्र टिकत नाहीत. ते दिसले तर संशयाला जागा आहे. दुसरा मार्ग कान देऊन ऐकण्याचा. शेजारच्या जुन्नर तालुक्यात शेतांमधून आभाळाकडं तोंड केलेल्या मोठाल्या तबकड्या आहेत, तिथं मी पोरांची सहल नेते. तिथं गेल्या गेल्या मोबाईल बंद करायला लावतात. तारे ऐकायचे तर आपलीच कटकट आडवी येते, म्हणून.

तिथूनच मी ऐकणाऱ्याचे नियम उचलले आणि व्याख्यानात घातले. काही ऐकू आलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. जे ऐकायची फार इच्छा असते ते ऐकू येतंच. आपण दिलेला आवाजच परत आला तर ते उत्तर नाही. विहिरीत ओरडलं तर विहीरही ओरडते, म्हणून काही विहिरीत कोणी राहतं असं नाही. आणि शांतता असली म्हणजे पलीकडं कोणी नाही, असंही नाही.

हे सगळं मी माईकवर फार ऐटीत सांगायचे.

हे बोलायला मला पहिल्यांदा उभं केलं माझ्या वडिलांनी, आप्पांनी. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमचं बालपण गेलं. दर जयंतीला विहारासमोर कार्यक्रम असायचा. मी कॉलेजात असताना आप्पा म्हणाले, "भाषणं खूप झाली. तू आभाळावर बोल. आपल्या पोरांनी वर बघायला पायजे." मी बोलले. आप्पा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि घरी आल्यावर म्हणाले, "तिसऱ्या मिनिटाला चुकलीस." कौतुक करायची त्यांची रीत अशी होती. तुम्ही चुकत असाल तरच ते तुमच्याकडं लक्ष देत.

आप्पा असिस्टंट स्टेशन मास्तर होते. दौंडच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर गाड्या सोडण्यात त्यांची नोकरी गेली. त्या काळी दोन स्टेशनांमध्ये घंटेच्या ठोक्यांनी बोलणं चालायचं. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाइन मोकळी आहे का? पलीकडच्यानं तेवढेच ठोके परत दिले की समजायचं, पोचलं, मंजूर आहे. मग गाडी सोडायची आणि तीन ठोके द्यायचे, गाडी निघाली. पाच ठोके म्हणजे चूक झाली, आधीचं रद्द. पलीकडून होकार आल्याशिवाय गाडी सोडणं म्हणजे आप्पांच्या लेखी माणूस मारण्यासारखंच.

ही भाषा आमच्या घरात आली ती न्हाणीमुळं. क्वार्टरच्या न्हाणीची कडी तुटलेली होती आणि ती काही केल्या दुरुस्त होत नव्हती. मग आप्पांनी नियम घालून दिला. दारावर दोन ठोके द्यायचे. आत कोणी अंघोळ करत असेल तर तो गप्प राहील. मोकळी असेल तर बाहेरूनच आई कुठल्या तरी भांड्यावर दोन ठोके परत देईल. मगच तीन ठोके देऊन आत जायचं. धाकटा भाऊ उतावळा. तो दोन न देताच दाणदिशी तीन ठोकून आत घुसायचा, आणि बाहेरच्या खोलीतून आप्पांचे पाच ठोके यायचे, खुर्चीच्या हातावर. खरं तर नियमानं पाच ठोके ज्यानं चूक केली त्यानंच द्यायचे असतात. पण आम्ही पोरं स्वतःहून कुठली द्यायला? आप्पाच आमच्या वतीनं द्यायचे आणि आम्ही ते परत केल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत. भावानं टॉवेल गुंडाळून रडत रडत पाच ठोके दिलेले मला अजून आठवतात.

गेल्या उन्हाळ्यात आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समज किती शिल्लक आहे ते आत्ता सांगता येणार नाही. आप्पा दौंडच्या घरात लोखंडी खाटेवर पडून असत, डोळे पंख्याकडं. आईनं भरवलं की गिळत. गाडीनं हॉर्न दिला की मान वळायची. आई म्हणायची, "बगा, समदं कळतंय त्यास्नी." भाऊ म्हणायचा, "आई, हॉर्न वाजला की कुत्रंबी बघतं."

भाऊ वाईट नाही. शिक्रापूरजवळच्या कंपनीत सुपरवायझर आहे, बारा बारा तासांची ड्यूटी करून दौंडला यायचा, आप्पांना उचलून अंघोळ घालायचा. आईचे गुडघे गेलेले. मी शिरूरला, यायचे ती रविवारी. त्यानं पुण्याजवळचं एक सेंटर बघून ठेवलं होतं, जिथं अशी माणसं कायमची ठेवतात. बेड मिळत होता. आईचा जीव तुटत होता. तिचं म्हणणं एकच, जो माणूस ओळख ठेवून आहे त्याला परक्यांत टाकायचं नाही. आणि भावाचं म्हणणं, ओळखणारा माणूस राहिलाच नाही तर आपलं काय आणि परकं काय.

एका रविवारी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तो म्हणाला, "आई, आप्पा गेले गं. झटका आला त्याच दिवशी गेले. आपण नुसतं अंग धुतोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी सवयीनं म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." भाऊ म्हणाला, "ताई, तुझं काय ते पुढच्या रविवारी सांग. तू म्हणशील तसं करू. मला सेंटरला कळवायचंय."

तो गेल्यावर आई पोळपाटावरची पोळी तशीच ठेवून माझ्याकडं वळली. "पोरी, तू आभाळात कोण हाय ते हुडकीत फिरतीस. आन् हितं खाटंवर कोण हाय, ते तुला दिसंना व्हय?"

मला राग आला. परतीच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत तो टिकला. मग हळूहळू ध्यानात आलं की आईचं बरोबर आहे. आम्ही तिघांनी मिळून आप्पांकडं नुसतं बघितलं होतं. आईला हवं ते दिसत होतं, भावाला थकव्यापायी काहीच दिसत नव्हतं, आणि मी 'माहीत नाही' म्हणून मोकळी झाले होते. पलीकडं एक साधा ठोका देऊन बघायचं कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं आटोपली. मी खाटेजवळ स्टूल घेतलं आणि बोटाच्या पेरानं खाटेच्या लोखंडी गजावर एक ठोका दिला. भाऊ दारात चूळ भरत होता, तो वळून बघायला लागला. काही झालं नाही. मी तशीच बसून राहिले. पुन्हा ठोका द्यायचा मोह मी आवरला. सारखं वाजवत राहिलं तर उत्तर ऐकू कसं येणार? बऱ्याच वेळानं आप्पांचा डावा हात गादीवरून सरकला. गजाला एक ठोका बसला.

आईनं पदर तोंडाला लावला. भाऊ आत आला. "ताई, तूच सांगतेस ना विहिरीचं? तू ठोकलंस, त्यांनी ठोकलं."

त्याचं म्हणणं खोडता येईना, म्हणून माझा जास्तच तिळपापड झाला. आप्पांच्या खात्याचा नियमच मेला असा, की जेवढे ठोके द्यावेत तेवढेच परत यायचे. उत्तर कुठलं आणि घुमणं कुठलं हे ओळखायचं कसं? "बघूच," म्हणत मी गजावर तीन ठोके दिले. मनात एवढंच, की तीनही तसेच परत आले तर भावाचं खरं.

तीन परत आले नाहीत. हात गजापाशीच पडून होता. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे ताई, दमले ते." मी स्टूल मागं सरकवलं.

तेवढ्यात गज वाजला. एक. दोन. तीन. चार. पाच.

मी मास्तरीणबाई, पण मला पटकन काही सुधरलं नाही. मला वाटलं, हात थरथरतोय. आधी आईला कळलं. ती रडता रडता हसायला लागली. "अगं तीन कसं दिलंस? आदी दोन द्याचं असतंय की. लाइन मोकळी हाय का इचारलंस तरी का?"

आप्पांनी पुन्हा पाच ठोके दिले. या वेळी जरा जोरात, कारण मी अजून ते परत केले नव्हते. डोळे पंख्यावर नव्हते, माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत तिसऱ्या मिनिटाला चुकलीस हे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी पाच ठोके परत दिले. मग रीतसर दोन दिले. आप्पांनी थोडं थांबून दोन परत दिले.

मी लोकांना सांगत होते की पलीकडचा हुशार आहे हे त्याच्या उत्तरावरून ओळखायचं. पलीकडचा आपली चूक काढतो, हे माझ्या कुठल्याच व्याख्यानात नव्हतं. विहीर कधी चूक काढत नाही. आनंद इतका झाला की मी आईच्या गळ्यात पडले, आणि आईच्या खांद्यावरून मला भावाचा चेहरा दिसला.

तो पांढरा पडला होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला लगेच कळलं, कारण पाठोपाठ माझ्याही मनात तेच आलं. आप्पा इथंच होते. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा. सेंटरचं बोलणं, बेडचं बोलणं, आई एकटी पडल्यावर घराचं काय ते बोलणं, सगळं याच खाटेच्या पायथ्याशी झालं होतं. पलीकडं कोणी आहे का, हे शोधण्याच्या नादात असलेल्या माणसाला एक विचार कधी शिवत नाही. असेल तर त्यानं आतापर्यंत आपलं काय काय ऐकलं असेल?

भाऊ बाहेर गेला. नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. परत आला तेव्हा तोंड ओलं होतं. मी स्टुलावरून उठले, तो बसला. "आप्पा," एवढंच म्हणाला. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, खाटेचा गज एका हातानं धरला आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं सावकाश पाच ठोके दिले. एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःहून दिलेले पहिले.

आप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. स्टेशनाकडून एक मालगाडी आली, घरातली भांडी हलली, तिचे सगळे डबे निघून गेले. भाऊ तसाच बसून होता. मग आप्पांचा हात सरकला आणि गजावर आला. भाऊ मान खाली घालून मोजायला लागला. आप्पांनी पाचही ठोके परत दिले.