माझी ती नजर

दिग्दर्शकाने माझ्या नजरेचं कौतुक केलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर माझ्या आवाजाचं कौतुक झालं होतं, रडण्याचं झालं होतं. नजरेचं कोण करतं?

आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की आज चिमूरकडचं गाव, उद्या गडचिरोलीकडचं, आणि नाटकही रोज वेगळं. पाठांतराला वेळ कुठला? स्टेजच्या कडेला पडद्याआड आमचा प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य देतो, आपण उचलायचं. त्यामुळे समोरच्याचं बोलणं संपलं की माझा कान त्या बाजूला वळायचा, डोळेही तिरके व्हायचे. मुंबईत मालिकेच्या ऑडिशनला उतारा पाठ होता, तरी खोड जाते कुठे? मी तिरकं बघत थांबले. तिकडे नुसता कूलर होता.

"कुणावरच विश्वास नाही या बाईचा!" दिग्दर्शक खुशीत ओरडला. घरातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या जावेची भूमिका मला मिळाली.

मी प्रॉम्प्टरभाऊंना फोन केला. ते हसले आणि मग म्हणाले, "थे नजर तं माह्यासाठी होती व बाई. त्याहिले समजलं म्हंजे?"

झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला हे काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. गाडीत सामानावर डोकं टेकून झोपायचा मला कंटाळा आला होता. पण सेटवर वाक्य सांगणारा मुलगा कॅमेऱ्यामागे, अगदी समोर उभा राहायचा. हळूहळू माझे डोळेही सरळ झाले. एक दिवस दिग्दर्शक म्हणाला, "ती नजर कुठे गेली हो?"

ती नजर संशयाची नव्हतीच, हे त्याला कुणी सांगितलं? केस विंचरणारीने? की माझी धाकटी जाऊ झालेल्या त्या गोड मुलीने? दोघी कुजबुजताना दिसल्या की मला वाटायचं, विषय मीच. चहा कुणी आपणहून आणून दिला, तरी मी विचार करायची, आज काऊन एवढी माया? आठवडाभरात नजर परत आली. दिग्दर्शक खूश झाला. माझी संशयी जाऊ मालिकेत टिकली.

यंदा सुट्टी काढून हंगामातला एक प्रयोग केला. भाऊंनी वाक्य दिलं. मला स्वच्छ ऐकू आलं, पण मी उचललं नाही. हे वाक्य खरंच माझंच आहे ना, की हा माणूस मला तोंडघशी पाडतोय? त्यांनी पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या, तेव्हा कुठे मी बोलले.

अंक संपल्यावर ते रंगपटात आले.

"मी तुले चुकीचं वाक्य देईन काय व बाई?"

"नाई, भाऊ."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी आधी हेच पाहिलं, की ते पाणी खरं आहे का.