लेकीच्या हाताला सुट्टी

मुरूमहून सोलापूरला निघाले तेव्हा आप्पा एसटीच्या खिडकीशी उभे होते. "गिरणीचं गाव हाय, सांभाळून ऱ्हा," एवढंच म्हणाले आणि पटका सारखा करत दुसरीकडं बघायला लागले. माझं नवं लग्न. आमचे हे गिरणीत होतेच, पुढं मीही त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागले. पहिला पगार पदरात बांधून मी खोलीपर्यंत जवळजवळ पळत आले होते!

मैत्रिणींनो, तुम्ही मुरूमलाच राहिलात, म्हणून तुम्हाला ही गंमत सांगते. मला दिवस गेले तेव्हा आधी कामाचीच काळजी पडली. खात्यातल्या जुन्या बायका सांगायच्या, पूर्वी पोट दिसलं की नाव कमी व्हायचं. मग मीही लुगडं घट्ट आवळून उभी राहायला लागले. शेजारच्या मशीनवरच्या शांताबाईनं ओळखलं आणि हाताला धरून मला कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. "अगं, लपवतेस काय? पगारातून थोडं कापतात, मालकही त्यात भर घालतो, ते ह्यासाठीच. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे घरी बसायचं. पैसे मिळतील, जागाही राहील. फक्त तेवढ्यात कुठं कामाला जायचं नाही, आणि सुट्टी संपली की ठरल्या दिवशी हजर व्हायचं."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मुरूमला आले आणि हे सगळं घरी सांगितलं. आप्पा म्हणाले, "काम न करता पगार? निजामाच्या राज्यात काम करून बी मिळत नव्हता!" आईनं मात्र 'कामाला जायचं नाही' एवढंच पक्कं धरलं. मग काय विचारता! झाडू हातात घेऊ देईना, ज्वारी निवडू देईना. शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या, "बसल्या बसल्या वाती तरी वळ गं," तर आई आतून धावत आली.

"न्हाय हं! तिच्या हाताला सुट्टी हाय. कुनी सरकारी मानूस बघितला म्हंजे?"

गोदाकाकू तोंडात पदर कोंबून हसत बसल्या. घरचं काम चालतं गं, असं मी दहादा सांगितलं, पण ऐकंल तर ती आमची आई कसली! एकदा मी हळूच भाकरी थापायला बसले, तर तिनं परातच ओढून नेली. असे लाड माझे जन्मात झाले नव्हते, आणि खरं सांगते, मला ते लई आवडले.

लेक झाली, गोरीपान, माझ्या आईच्या नाकाची. सगळं आनंदात चाललं होतं आणि मधेच अडलं. हजर व्हायच्या आदल्या दिवशी अवस होती. सुट्टी पुरी झाल्याशिवाय आई मला हलू देत नव्हती, म्हणजे निघायचं तर अवसेलाच. आमच्या घरात अवसेला कुणी बैलगाडीसुद्धा जुंपत नसे, मग बाळंतीण आणि तान्हं लेकरू कोण पाठवणार? आप्पा म्हणाले, "दोन दिवसांनी जा. गिरणी काय पळून जाती व्हय?" गिरणी नाही, पण माझी जागा गेली असती. ते काम माझं होतं, मी मिळवलेलं. मला रडूच फुटलं.

आईकडून तर मला आशाच नव्हती. अवसेला ती नवं लुगडंसुद्धा नेसत नसे. पण ती लेकराला दुपट्यात गुंडाळत म्हणाली, "सरकारनं शब्द पाळला, आता आपन मागं सरायचं व्हय?" मग आप्पांकडं वळून म्हणाली, "हिच्या वेळी पाचव्या दिवशी मला तुरी काढाया धाडलं, तवा कुनी अवस बघितली हुती? हुतीच त्या दिवशी. उचला गाठोडं. मी बी जाते लेकीबरोबर."

आप्पांनी गाठोडं उचललं.

दुसऱ्या दिवशी खात्यात शिरले तर माझ्या जागेवर तेवढ्यापुरती घेतलेली बदलीची बाई. मला बघताच ती हसत उठली. "ये बाई, तुझं तू सांभाळ!" चारी बाजूंनी बाया ओरडल्या, पेढे कुठायत म्हणून.

संध्याकाळी आई लेकराला खांद्यावर टाकून खोलीच्या दारातच उभी होती. मी लांब असतानाच तिनं विचारलं, "जागा हुती का गं?"

"होती की!"

तिनं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली आणि डोळे पुसत हसली. तोवर मी मुरूमला घर आणि सोलापूरला खोली म्हणायची. त्या दिवसापासून दोन्हीला घरच म्हणते.

"माझ्यासाठी न्हवतं कुनी असं काय राखून ठिवलं," आई म्हणाली. "तुझ्यासाठी ठिवलं. चल, आत ये."

त्या खोलीत मला "आत ये" म्हणणारं पहिलं माणूस माझी आईच.