उभ्या खाचा

आमच्या मामाने लावलेला स्क्रू लाखात ओळखू येतो. घट्ट बसल्यावर त्याची खाच उभी हवी, वरून खाली सरळ. आमच्या घरातले स्विचबोर्ड त्यानेच बसवलेत आणि एकही खाच तिरकी नाही. बाबा चिडवायचे, "काय मेहुणे, स्क्रूंची परेड घेता का?"

मामाचा धंदा गाड्यांचे मीटर दुरुस्त करण्याचा. बाबांना जुनी गाडी त्यानेच तपासून दिली होती. वर्षभरात उतारावर तिच्या ब्रेकचा पाइप फुटला आणि बाबा गेले. मीटरवरच्या आकड्याप्रमाणे तो पाइप बदलायला अजून बराच अवकाश होता.

त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मामा कुणाचीही जुनी गाडी फुकट तपासून देतो. गाडीत बसला की आधी ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, गाडी उभी असली तरी. मला ते बघवत नाही. त्या वेळी तो आपल्यात नसतोच.

मी घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम शिकवते, म्हणून मला गाडी हवी होती. एक पसंत पडली. वीस वर्षांची, पण मीटर म्हणे एकोणचाळीस हजार किलोमीटर.

"मास्तरांची गाडी आहे," विकणारा म्हणाला. "फक्त घर ते शाळा."

मामाने ब्रेकच्या पायपट्टीवर बोट फिरवलं. रबर गुळगुळीत झालं होतं. "मास्तर काय ह्याच्यावर नाचायचे?"

स्टिअरिंग घासून चकाकत होतं. सीटची कड बसली होती. दाराच्या आत किलोमीटर लिहायची सर्व्हिसची पट्टी खरवडलेली, नुसता चिकटा उरलेला.

"मीटर मागे फिरवलंय. चल," मामा म्हणाला.

विकणारा उखडला. "उगाच आरोप नको. खोलून दाखवा!"

"गरज नाही." मामाने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

मी हट्टी. मीटरभोवतीची चौकट मीच ओढून काढली आणि मोबाइलचा उजेड आत पाडला. चार स्क्रू होते. चारही खाचा उभ्या.

मी मामाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"तू केलंस हे?"

"तेव्हा खूप केली अशी कामं. बारा वर्षांपूर्वी बंद केली."

बारा वर्षं. "आणि बाबांची गाडी?"

मी काढलेली चौकट त्याने परत जागेवर दाबून बसवली. मग म्हणाला, "तपासताना खाचा दिसल्या. माझंच काम. सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. वाटलं, भावजी जपून चालवतात, काय होणार आहे..."

पुढचं मी ऐकलं नाही. त्याला तिथेच सोडून चालत घरी आले. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच भयंकर राग आला.

आई दारातच होती. "काय गं, घेतली का गाडी?"

"नाही. मीटर फिरवलेलं होतं."

"बघ!" आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "दादा होता म्हणून वाचलीस."

तिने दिवा लावला. बटणाच्या वर आणि खाली एकेक स्क्रू होता. मी तिकडे पाठ करून बसले.