बसल्या जागेवरून दिलेला सल्ला

कादर ड्रायव्हरला स्वस्थ बसणं जमायचंच नाही. सोनईत आपल्या घरच्या ओसरीवर जेवायला बसला तरी त्याचा उजवा पाय आपोआप पुढंमागं होई, आणि वेशीतून एखादी मोटार गेली की घास हातातच राही. कान टवकारून तो म्हणे, "हिचं एक सिलिंडर मारत न्हाई." मेहताब, त्याची बायको, वैतागून म्हणे, "तिच्या मालकाला काळजी न्हाई, मग तुमाला कशाला? भाकर निवतीय." पण तोवर हा बाबा हात धुऊन रस्त्यावर पोचलेलाही असे.

ही गोष्ट लढाईच्या वर्षांतली. पेट्रोल कूपनावर मिळे, तेही औषधाला असावं इतकंच, म्हणून उतारूंच्या सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत. मोटारीच्या मागच्या अंगाला माणसाएवढं लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस नळीनं इंजिनाला द्यायचा. असल्या मोटारीला सपाटीवर फारसं दुखणं नसे, पण चढ आला की ती दम टाकी. चढावर थांबली तर गॅस पातळ होऊन बंदच पडे. मग शिल्लक घोटभर पेट्रोल ओतून ती पुन्हा जागी करायची, किंवा उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची. कादर सोनईहून सकाळी नगरला मोटार नेई आणि दुपारनंतर परत आणी. त्याच्याबरोबर रज्जाक हा क्लीनर असे. वयानं कादरपेक्षा दहा वर्षं मोठा आणि बोलायला महाग.

मोटारींचे आजार आणि त्यांवरचे उपाय मिळण्याचं ठिकाण म्हणजे घोडेगावच्या नाक्यावरचं भिमाजीचं चहाचं हॉटेल. तिथं येणारेजाणारे ड्रायव्हर टेकत आणि एकेकाच्या गाडीची तब्येत निघे. टाकीला भोक पडलं? कपड्याचा साबण मळून लाव. रेडिएटर गळतोय? मूठभर हळद टाक. गॅस नीट येत नाही? कोळसा ओला असणार, घ्यायचं गाव बदल. ज्याला जे लाभलं ते तो साऱ्या जगाला लागू करी. डॉक्टर लोक तरी याहून वेगळं काय करतात म्हणा! पण कादर बोलायला लागला की बाकीचे गप्प बसत, कारण त्याचा उपाय लागू पडायचा.

त्या रस्त्यावर ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. मोटार उभी दिसली की आपली थांबवायची, खाली उतरायचं, तिच्या बॉनेटला हात लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. बसल्या जागेवरून सल्ला द्यायचा नाही. कादर या बाबतीत फार कडक. शमशेर नावाचा एक लॉरीवाला एकदा चालत्या गाडीतूनच कुणाला काहीतरी ओरडून सांगून गेला, तेव्हा कादरनं त्याला भिमाजीच्या हॉटेलात चारचौघांत असा झापला की शमशेर चार दिवस तिथं चहाला फिरकला नाही.

आणि हाच कादर एका सकाळी चुकला.

पौषातली सकाळ होती. मोटार उतारूंनी खच्चून भरलेली, वर टपावर कोंबड्यांच्या पाट्या. इमामपूरचा घाट चढताना कोळसा हलका निघाला आणि मोटार कण्हत चालली. कादरचं सारं लक्ष त्या कण्हण्याकडं. बाटलीत पेट्रोल उरलं होतं बोटभर. एवढ्यात वळणावर आप्पासाहेबांची काळी मोटार दिसली. बॉनेट उघडं, समोरून वाफेचा लोट, आणि बाजूला सहादेव हात हलवत उभा.

आप्पासाहेब म्हणजे सोनईचे मोठे बागाईतदार. सहादेव त्यांचा टांगेवाला. बारा वर्षं त्यानं त्यांचा टांगा हाकला, पुढं मालकांनी मोटार घेतली तेव्हा, "घोडं हाकतोस, हेही हाक," म्हणून त्यालाच चाकावर बसवलं. चाळिशीला आलेला माणूस, पण शिकला. शिकवलं कादरनंच. सहा महिनेच झाले होते, म्हणून तो कादरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानी. त्या दिवशी तो मालकांना आणायला एकटाच नगर स्टेशनावर निघाला होता.

कादरचा पाय ब्रेककडं गेला. गेला आणि थबकला. थांबलो तर गॅस जाईल, बोटभर पेट्रोलात ही चढावर उठणार नाही, चाळीस माणसं ढकलायला लावावी लागतील. आणि खरं सांगायचं तर वाफ पाहताच त्याला वाटलं, आपल्याला कळलं की! यात उतरून बघण्यासारखं काय आहे? त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"कादरभाई, लई तापली हो!" सहादेव ओरडला.

"पानी घाल! पानी घालून घे, लागंल चालायला!"

एवढं ओरडून कादर पुढं गेला. वळण संपेपर्यंत त्यानं आरशात पाहिलं. सहादेव डबा घेऊन खालच्या ओढ्याकडं पळत निघाला होता. मागून रज्जाक एवढंच म्हणाला, "उतरला न्हाईस." कादरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घाट चढला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. 'जरा निवू दे, मग घाल,' हे शब्द सांगायचे राहिले. तापून लाल झालेल्या इंजिनात पौषातलं गार पाणी ओतलं तर त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, हे कुणीही ड्रायव्हर झोपेतसुद्धा सांगेल. पण सहादेव ड्रायव्हर होऊन सहाच महिने झालेत. आणि लढाईच्या दिवसांत इंजिनाचा नवा ब्लॉक मिळायचा कुठून? ब्लॉक गेला म्हणजे मोटार गेली, आणि मोटार गेली म्हणजे सहादेवची भाकरी गेली. 'एवढं त्याला कळत असंल,' तो मनाशी म्हणे आणि लगेच दुसरं मन विचारी, 'कुणी सांगितलंय त्याला? तू सांगितलंस का कधी?' शिकवताना गियर सांगितले, ब्रेक सांगितला, हे नेमकं सांगितलं होतं की नव्हतं, ते काही केल्या आठवेना. जेऊरला दोन उतारू चढले, त्यांना तिकीट फाडायचं तो विसरला. नगरच्या स्टँडवर मोटार लावली आणि चहा मागवून तसाच ठेवला. उठला, रस्त्यापर्यंत गेला, घोडेगावच्या दिशेनं पाहिलं, परत आला. पुन्हा गेला. काळी मोटार येईना. सुटायची वेळ तीनची होती आणि त्याला घड्याळाचा काटा ढकलावासा वाटत होता.

अडीच वाजता टांग्यातून आप्पासाहेब उतरले, हातात बॅग आणि कपाळाला आठ्या. "कादर, आमचा सहादेव कुठं दिसला का? तीन तास स्टेशनात माशा मारत बसलोय."

आता खरं सांगायची वेळ होती. "घाटात हुता, मालक. गाडी जरा तापली हुती," एवढंच तो बोलला. आप्पासाहेब त्याच्या शेजारच्या सीटवर बसले आणि घाटापर्यंत नव्या ड्रायव्हरच्या नावानं कडाकडा बोटं मोडत राहिले. कादर मोटार हाकत राहिला. आयुष्यात त्याला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

उताराला थांबायला काही अडचण नव्हती. काळी मोटार तिथंच होती. सहादेव चाकाला टेकून बसला होता, त्यांना पाहून उठला. कादर सगळ्यांच्या आधी उतरला, बॉनेटपाशी गेला आणि वाकला. पहिल्यांदा दिसला पंख्याचा पट्टा. ढिला होऊन एका बाजूला घसरला होता. पाच मिनिटांचं काम. सकाळी उतरला असता तर पाण्याच्या आधी पट्टाच दिसला असता. मग त्यानं इंजिनाच्या अंगावरून बोट फिरवलं आणि बोटाला गंजाचं पाणी लागलं. वीतभर तडा गेला होता.

"काय केलंस?" आप्पासाहेब कडाडले.

सहादेवनं कादरकडं पाहिलंसुद्धा नाही. "पानी घातलं, मालक. माझ्या मनानं घातलं."

"मनानं? मोटार काय तुझ्या मनानं चालते? उद्यापासून येऊ नकोस!"

कादरनं गंजाचं बोट पुसलं. तो उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "त्यानं न्हाई, मालक. मी सांगितलं हुतं. सकाळी जाताना मीच वरडून सांगितलं, पानी घाल म्हनून. उतरलो बी न्हाई."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं आणि ते चक्क हसले. "कादर, अरे तू असं सांगशील? वीस वर्षं ओळखतो तुला. त्याला पाठीशी घालू नकोस. चल, मोटार काढ."

कादरनं परत सांगितलं. रज्जाकला साक्षीला बोलावलं. रज्जाक म्हणाला, "व्हय, सांगितलं." उतारूंतले दोघेतिघे हसले. एक म्हातारा म्हणाला, "कादरभाई दिलदार मानूस हाय, दुसऱ्याचं पाप अंगावर घेतो." बोला आता! वीस वर्षं जपलेला चांगला लौकिक नेमका त्याच दिवशी त्याच्या आडवा आला. खरं बोलूनही त्याचं खरं कुणाला पटेना, आणि शिक्षा सहादेवच्याच वाट्याला राहिली.

आठ दिवस कादर आप्पासाहेबांच्या वाटेत उभा राहत होता. भिमाजीच्या हॉटेलात त्यानं शमशेरसकट सगळ्यांसमोर कबूल केलं, तर शमशेरनंही मान हलवून म्हटलं, "कादरभाई, थट्टा करता व्हय?" झापून घेण्याची एवढी आस लागलेला माणूस त्या रस्त्यानं पूर्वी पाहिला नसेल. शेवटी तो सहादेवच्या दारात गेला. सहादेव जुन्या टांग्याच्या चाकाला वंगण देत होता. मालकांनी टांगा-घोडं त्याला देऊन टाकलं होतं, बारा वर्षांच्या चाकरीपोटी.

"माझं नाव का न्हाई घेतलंस?" कादरनं विचारलं. आवाज चढलाच थोडा.

सहादेव वंगणाचे हात पुसत म्हणाला, "कादरभाई, दमून आलेल्या घोड्याला मी जन्मात लगीच पानी दाखवलं न्हाई. आधी फिरवतो, निवू देतो, मग पाजतो. त्या दिवशी डबा हातात हुता आन् मन म्हनत हुतं, थांब सहादेवा, दम खाऊ दे हिला. पन तुमी सांगितलं हुतं. मला कळत हुतं आन् तरी बी घातलं. मंग नाव कुनाचं घ्यायचं?"

सहादेव रागावला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर कादरला बरं वाटलं असतं. तो घरी आला, जेवला नाही, आणि मेहताबनं विचारलं तेव्हा म्हणाला, "त्याला येत हुतं गं. माझ्यामुळं त्यानं सवताचं ऐकलं न्हाई."

त्यानंतर कादर बदलला असं लोक म्हणत. अस्वस्थ तो होताच, आता जास्तच झाला. रस्त्यात छकडा मोडलेला दिसला तरी मोटार थांबवी. उतारू कावत, रज्जाक कोळसा उपसत बसे, वेळ टळे. उतरून हात लावून सगळं बघे आणि सांगण्याआधी समोरच्याला विचारी, "तुमाला काय वाटतंय?" ड्रायव्हर लोकांना ही नवीनच भानगड वाटे. सल्ला विचारायला यावं तर हाच आपल्याला विचारतो!

लढाई संपली, कोळशाची पिंपं हळूहळू निघाली, तरी कूपनं होतीच. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी कादरची मोटार त्याच घाटाच्या पायथ्याला, पांढरीच्या पुलाजवळ, फणफणून उभी राहिली. पट्टा त्यानं पाहिला, नीट होता. नळी फुटली होती, ती कापड गुंडाळून बांधली. आता फक्त पाणी घालायचं होतं. उतारू घाई करत होते. नगरच्या कोर्टात तारीख असलेला एकजण तर त्याच्या मागंच लागला होता. "ओता की डबा! हातात घेऊन उभे काय राहिलात?"

कादर डबा हातात घेऊन खरंच उभा होता. वीस-बावीस वर्षं मोटार हाकलेला ड्रायव्हर, पण त्याचा हात पुढं होईना.

घोडेगावकडून टांगा आला. हाकणाऱ्यानं गर्दी पाहिली, लगाम ओढला आणि टांगा रस्त्याच्या कडेला घेतला. सहादेव होता. तो बसल्या जागेवरून काही बोलला नाही. खाली उतरला, घोड्याच्या मानेवर थाप मारली, मोटारीपाशी आला.

"सहादेवा," कादर म्हणाला, "पानी घालू का?"

कोर्टवाला तोंड वासून बघत राहिला. सोनईचा कादर ड्रायव्हर एका टांगेवाल्याला विचारत होता. सहादेवनं बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला असणार, पण हात त्यानं लगेच काढला नाही. घोड्याच्या अंगाचा घाम चाचपावा तसा ठेवून उभा राहिला.

"अजून न्हाई," तो म्हणाला. "दम खाऊ द्या."

मग दोघं पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. उतारू बडबडत राहिले. सहादेवनं तंबाखू मळून अर्धी कादरपुढं केली. बऱ्याच वेळानं रज्जाकनं त्या बाजूला पाहिलं, तेव्हा त्याला दिसलं की कादरचा उजवा पाय अजिबात हलत नव्हता.