अर्धलीच्या शेळीचं करडू

आमच्या थोरल्या जाऊबाई, केवळाबाई, एकदा मनावर घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायच्या न्हाईत. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पशुसखी व्हायचं काढलं. म्हंजे गावातल्या शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं, दुखलं-खुपलं बघायचं. शिकायला पिंगळीला जायच्या. समदं आलं, पण अपूर्णांकाच्या गुणाकारापाशी गाडं अडलं.

मोठ्या शेळीला अर्धं झाकण औषध, करडाला त्याच्या निम्मं; तर अर्धं गुणिले अर्धं किती? बाईंनी लिहिलं, एक. जन्म कळपामागं गेलेला, गुणलं की वाढतंच हे डोक्यात पक्कं. शिकवणाऱ्या दीपिका मॅडमनी भाकरी मोडून दाखवली, तरी पटंना. परीक्षा सोमवारी. नापास व्हायचं भ्या नव्हतं त्यांना. "माझ्या हातनं एखादं करडू मरंल गं," एवढंच म्हनल्या.

आता आमच्यात शेळी अर्धलीनं सांभाळत्यात. शेळी दुसऱ्याची, राखण आपली, करडं निम्मी-निम्मी. बाईंनी मुंजाजीची शेळी अशीच घेतलेली. त्या शिकायला गेल्या की चारायची मी, म्हणून त्यांच्या वाट्यातलं निम्मं मला, असं ठरलेलं.

रविवारी शेळी व्याली. एकच करडू, काळंभोर, लय देखणं. मी लगेच हक्क सांगितला, अर्धं माझं! बाई भडकल्या. मीबी गप बसणारी न्हाई, अंगणात उभी राहून भांडले.

"अगं येडे, अर्धं मुंजाजीचं," बाई म्हनल्या. "माझ्याजवळ अर्धंच हाय. त्या अर्ध्यातलं अर्धं तुझं. म्हंजे..."

आन् थांबल्या. तोंड तसंच उघडं. मग माझे दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलं.

"पाव! गुणाकार म्हंजे वाट्यातला वाटा गं!"

भांडण तिथंच राहिलं. बाई दिसंल त्याचा वाटा काढत सुटल्या. पाऊण भाकरीचं निम्मं किती, तर तुकडे करून आठातले तीन दाखवले. मला इतका आनंद झाला की हसावं का रडावं कळंना.

बाई पास झाल्या. औषधाची बॅग खांद्याला लावून घरी आल्या. करडू औषधाजोगं झालं तसं त्याला नेमकं पाव झाकण पाजलं, आन् नेऊन माझ्या दावणीला बांधलं.

"माझ्या अर्ध्यातलं आता पुरं तुझं," म्हनल्या.

मी तिथंच उभ्या उभ्या गुणलं. अर्धं गुणिले एक. ज्याच्यासाठी भांडले तेवढंच आलं की! मी समद्या गल्लीला सांगत सुटले, अर्धं करडू माझं.