आजीच्या एकशे आठ गोळ्या

आमच्या घरी मासा जेवायला असे, पण ताटात नव्हे. कार्तिकात माझी आजी रोज काशीच्या पंचगंगा घाटावर कणकेच्या एकशे आठ गोळ्या करून माशांना घालायची. एके दिवशी तिचा गुडघा आखडला आणि गोळ्यांचा पितळी डबा माझ्या हाती आला. मी अकरा वर्षांची. श्लोक घडाघडा म्हणता येत, म्हणून स्वतःला काशीतली तिसरी विदुषी समजत असे. पहिल्या दोन कोण, ते अजून ठरायचं होतं.

घाटाखाली आमची मैत्रीण, मल्लाहाची म्हणजे नावाड्याची मुलगी, आपली छोटी डोंगी सोडत होती. ती चौदाची. बाप तापाने पडलेला, आणि संध्याकाळी रामनगराहून मुलाकडचे तिला पाहायला यायचे होते.

"मल्लाह के घर मेहमान आएँ और थाली में रोहू न हो, तो अम्मा क्या मुँह दिखाएगी?" ती म्हणाली. मग तिची नजर डब्यावर गेली. "पंडिताइन, चारा तो तुम्हारे पास है. बैठो."

मी बसले. माझ्यासोबत आलेली शेजारच्या मास्तरांची मुलगीही बसली. डोंगी इतकी अरुंद की एकीमागे एक गुडघे आवळून बसायचं. एक शिंकली तर तिघी बुडायच्या. मास्तरांची मुलगी लोटीने पाणी उपसत होती. मी देखरेख करत होते.

घाटाजवळ गळ टाकायचा नाही, तिथले मासे देवाधर्माचे, म्हणून ती आम्हाला पलीकडच्या रेतीकडे घेऊन निघाली. वल्हं असं बुडवी की पाण्याला कळू नये. नुसता रंग पाहून सांगे, इथे खोल, इथे फांदी बुडालीय. वाटेत एका बजऱ्यावर, म्हणजे छपराच्या मोठ्या नावेवर, कुणी गोरा साहेब गळाची चाकाची काठी धरून बसला होता, मागे छत्री धरायला दोन नोकर. तिने त्याच्या दोरीकडे एकदाच पाहिलं.

"साहब मछली नहीं, धूप पकड़ रहे हैं."

रेतीपाशी तिने दगडाचा नांगर टाकला. "जब माँगूँ, तब एक-एक गोली देना," असं बजावून ती गळ बांधायला वळली. तेवढ्यात मला आठवलं, आजीचा संकल्प राहिलाय! तो मी खणखणीत म्हटला. आणि संकल्प सोडला की अन्न मागे ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मी अख्खा डबा पाण्यात पालथा केला.

पाणी उकळल्यासारखं झालं. शेकडो मासे जेवले.

"अरे पंडिताइन! बारात पहले ही जिमा दी? अब काँटा कौन छुएगा?"

मी रडायला लागले. "मी श्लोक म्हणते, येईल मासा."

"तू चुप रह. यही बड़ा मंत्र है."

पुढे एक शब्द ती रागाने बोलली नाही. नांगर उचलून डोंगी थोडी खाली वाहू दिली. छोटे गर्दीत खातात, मोठा मासा गर्दीच्या कडेला राहतो, असं तिचं म्हणणं. मग तिने माझा डबा मागितला. तळाला एकच गोळी चिकटून बसली होती. नखाने सोडवून तिने ती गळाला लावली.

ऊन डोक्यावर आलं. दोरी दोनदा थरथरली, पण मैत्रीण हलली नाही. मी ओरडणार, तोच मास्तरांच्या मुलीने ओला हात माझ्या तोंडावर दाबला. तिसऱ्यांदा दोरी सुसाट पळाली. आमची मैत्रीण मागे रेलली, सोडत, ओढत, पुन्हा सोडत. दोरी बोटात रुतून रक्त आलं आणि ही हसतेय! हातभर रोहू वर आला तेव्हा मी धर्म म्हणून डोळे मिटले. एकच मिटला.

घरी आजीने विचारलं, "सगळ्या घातल्यास ना गं?"

"हो. एक जरा उशिरा गेली."

"पोचली ना? झालं तर."

दुसऱ्या दिवशी मैत्रीण बोटाला चिंधी बांधून घाटावर आली. मुलाच्या आईने ताटातला रोहू पाहून विचारलं होतं, हा पकडला कुणी? मग मासा सोडून बराच वेळ ते बोटच पाहत राहिली म्हणे, आणि लग्न तिथेच ठरवून गेली.

पुढे मला पाहायला आले, तेव्हा मी न थांबता बावीस श्लोक म्हटले. पाहुण्यांनी दोनदा पाणी मागितलं. तिचा तो मोठा मंत्र मला अजून साधलेला नाही.